ध्वजदिन, जयस्तंभ आणि आपण

सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहायचे, रात्रीची गाडी पकडायची आणि सात तारखेला सकाळी न झोपताच कॉलेजात हजर व्हायचे, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. सात डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. शिक्षकांच्या खोलीत सीलबंद डबा, कागदी झेंड्यांचा गठ्ठा आणि टाचण्यांची डबी आणून ठेवलेली असते. वर्गावर्गातून डबा फिरवण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. मुले दहा-वीस रुपये टाकतात आणि झेंडा खिशाला टाचून घेतात. हा दिवस कोठून आला असे आजवर एकाही विद्यार्थ्याने मला विचारलेले नाही. मीही आपणहून सांगितलेले नाही. हा लेख म्हणजे त्या न सांगितलेल्या तासाची भरपाई आहे.

मी चौथीत होतो तेव्हा मास्तरांनी आम्हा प्रत्येकाला पाच-पाच झेंडे विकायला दिले होते. चार खपले. पाचवा मी घरी आणला आणि माझ्या आज्याच्या सदऱ्याला लावला. आजा महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेला, एकाहत्तरची लढाई पाहिलेला शिपाई. त्याच्या लोखंडी ट्रंकेत दोन पदके आणि माजी सैनिक म्हणून मंजूर झालेल्या जमिनीचा एक कागद होता. जमिनीचा कब्जा मात्र त्याला कधी मिळाला नाही आणि सातबाऱ्यावर नाव कधी चढले नाही. त्याने छातीवरच्या झेंड्याकडे पाहिले, कनवटीचा रुपया काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "रुपाया घे. पर मास्तरला इचार, आमच्या जमिनीचा कब्जा कवा देनार म्हनावं." मी रुपया मास्तरांना दिला. प्रश्न विचारला नाही.

गाव माझ्या आज्याला वर्षातून दोनदा 'फौजी' म्हणे, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. उरलेले दिवस तो जातीच्या नावाने ओळखला जाई. हा अनुभव एकट्या माझ्या घरचा नाही. हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरी अशी एखादी ट्रंक असेल. म्हणून सैनिकांच्या सन्मानाचे दिवस तपासताना मी एकच कसोटी लावणार आहे. हा दिवस कोणी ठरवला, आणि त्या दिवशी सैनिकाला बोलू दिले जाते की केवळ उभे केले जाते?

आपल्याकडचे असे दिवस साधारण तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार सत्तांतराचा. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल रॉय बुचर यांच्याकडून जनरल करिअप्पा यांनी सैन्याची सूत्रे घेतली. ते पहिले भारतीय सरसेनापती. म्हणून १५ जानेवारी हा सेनादिन. ही घटना मोठीच होती. पण तिचा आशय असा की वरच्या खुर्चीवर इंग्रजाऐवजी भारतीय बसला. खंदकात बसणारा बदलला नव्हता, आणि तो सुट्टीवर घरी जाई त्या गावाची वेसही बदलली नव्हती.

दुसरा प्रकार विजयाचा. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला; तो नौदल दिन. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि सुमारे ९३ हजार लोक युद्धबंदी झाले. तो विजय दिवस. २६ जुलै १९९९ ला कारगिलची लढाई संपली. तो कारगिल विजय दिवस. या दिवसांचा केंद्रबिंदू राष्ट्राचे यश हा आहे. सैनिक त्या यशाचे साधन म्हणून आठवला जातो.

तिसरा प्रकार दानाचा, आणि तो म्हणजे आमचा डबा. १९४९ च्या ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या समितीने दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळायचे ठरवले. लाल, गडद निळा आणि फिका निळा हे झेंड्याचे तीन रंग म्हणजे तीन सेनादले. जमणारा पैसा युद्धात जायबंदी झालेल्यांसाठी, वीरपत्नींसाठी आणि माजी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी असतो. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. त्या पैशातून एखाद्या विधवेच्या मुलीची फी भरली गेली असेल तर त्या डब्याला मी नावे ठेवणार नाही. पण ज्या वर्षी हा दिवस ठरला त्याच वर्षी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांच्या मसुदा समितीने घडवलेली राज्यघटना स्वीकारली गेली. एकीकडे माणसाला हक्क देणारा ग्रंथ आणि दुसरीकडे हक्काच्या गोष्टीसाठी फिरणारा डबा! जे देणे लागते ते राज्याने तिजोरीतून द्यावे की शाळकरी पोरांच्या खाऊच्या पैशातून? दान आणि हक्क यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. गावकीच्या बलुत्याच्या भाकरीवर आपल्या पिढ्या गेल्या आहेत, आणि ती भाकर हक्काची असूनही भीक म्हणूनच वाढली जात होती.

हा फरक जुना झालेला नाही. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या नोकरीनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होतात. बाकीचे एकरकमी पैसे घेऊन पेन्शनशिवाय घरी परततात. त्याआधी २०१८ च्या सप्टेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ सप्टेंबर हा 'सर्जिकल स्ट्राइक दिन' म्हणून पाळावा, संचलने करावीत, माजी सैनिकांची भाषणे ठेवावीत, विद्यार्थ्यांकडून सैन्याला पाठिंब्याची पत्रे लिहून घ्यावीत, असे परिपत्रक काढले होते. गदारोळ झाल्यावर ते बंधनकारक नसल्याचा खुलासा मंत्र्यांना करावा लागला. सैनिकासाठी दिवस वाढत असताना त्याचे पेन्शन घटावे, ही विसंगती एखाद्या वक्त्याने व्यासपीठावरून बोलून दाखवल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

दिवस नेहमी वरूनच येतात असे मात्र नाही. तो खालूनही उभा राहतो. असा दिवस खालच्यांच्या हातून कसा निसटतो, हे पाहण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल. काळ्या माणसाच्या लढ्याशी आपले नाते उसने नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, आणि १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव ब्लॅक पँथरवरून घेतले.

अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी 'मेमोरिअल डे' असतो. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरींवर फुले वाहण्याचा हा दिवस. सरकारी इतिहास सांगतो की १८६८ मध्ये जनरल जॉन लोगन यांनी माजी सैनिकांच्या संघटनेमार्फत आदेश काढला आणि ३० मे हा दिवस ठरला. १९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्क राज्यातील वॉटर्लू हे गाव या दिवसाचे जन्मस्थान असल्याचे जाहीर केले.

पण त्याही आधी, १ मे १८६५ रोजी, दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन शहरात काय घडले ते पाहा. यादवी युद्ध नुकतेच संपले होते. या युद्धाची पहिली तोफ १८६१ मध्ये चार्ल्सटनच्याच बंदरात डागली गेली होती. शहरातले घोड्यांच्या शर्यतीचे मैदान हे गुलामांच्या मालकांचे करमणुकीचे ठिकाण. युद्धाच्या अखेरीस गुलामगिरीवाल्या दक्षिणेने त्याच मैदानावर उत्तरेच्या पकडलेल्या सैनिकांना उघड्यावर डांबून ठेवले होते. रोगराईने त्यांतले किमान २५७ मेले आणि त्यांना एकत्र खड्ड्यात पुरण्यात आले. शहर पडल्यावर नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या कामगारांनी ती प्रेते उकरून प्रत्येकाला वेगळी कबर दिली, सभोवती कुंपण घालून त्याला पांढरा रंग दिला आणि प्रवेशद्वारावर हे शर्यतीच्या मैदानाचे हुतात्मे आहेत, अशा अर्थाची पाटी लावली. मग १ मे रोजी सुमारे दहा हजार लोकांची मिरवणूक निघाली. त्यांत बहुसंख्य कालपर्यंतचे गुलाम. सर्वांत पुढे काळ्या मुलांच्या शाळांतील सुमारे तीन हजार विद्यार्थी, हातांत फुले आणि ओठांवर जॉन ब्राउनचे गाणे. अक्षर शिकणे कालपर्यंत ज्यांना गुन्हा होता त्यांची ती पोरे. पाठोपाठ काळ्या सैनिकांच्या पलटणीही कबरींभोवती फिरल्या.

त्या दिवसाला सरकारी आदेश नव्हता. ज्या माणसांनी आपल्यासाठी जीव दिला त्यांना आपण माती द्यायची, आणि आपण आता कोणाची मालमत्ता नाही हे सगळ्या शहराला दाखवायचे, या दोन गोष्टी त्यांनी एकाच मिरवणुकीत केल्या.

पुढे काय झाले? सैनिकांची हाडे दुसरीकडे, बोफर्टच्या राष्ट्रीय दफनभूमीत हलवली गेली. दक्षिणेतील गोऱ्यांच्या हातात सत्ता परत आली. उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडचे गोरे माजी सैनिक एकमेकांच्या गळ्यात पडू लागले. दोन्ही बाजू सारख्याच शूर होत्या, असे म्हणता म्हणता युद्ध कशासाठी झाले हेच बाजूला पडले. गुलामगिरीतून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८७१ मध्ये आर्लिंग्टनच्या दफनभूमीतील भाषणात याच विस्मरणाविरुद्ध इशारा दिला होता. कोण कशासाठी लढला हे पुसून टाकणारा सन्मान त्यांना मान्य नव्हता. पण इशाऱ्याकडे लक्ष कोण देणार? शर्यतीच्या त्या मैदानावर पुढे उद्यान झाले आणि त्याला वेड हॅम्प्टन यांचे नाव दिले गेले. हे हॅम्प्टन मोठे गुलाममालक आणि दक्षिणेच्या फौजेचे सेनापती. १९१६ च्या सुमारास चार्ल्सटनमधील गोऱ्या स्त्रियांच्या स्मारक संघटनेला कोणी पत्राने विचारले की काळ्यांनी असा समारंभ केला होता हे खरे काय? अधिकृत माहिती मिळू शकत नाही, असे उत्तर गेले. दप्तरात नोंद नाही! हे उत्तर आपण तलाठ्यापासून इतिहासकारापर्यंत किती जणांकडून ऐकले आहे? डेव्हिड ब्लाइट या इतिहासकाराला १९९० च्या दशकात जुने कागद धुंडाळताना या दिवसाचा माग लागला, तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली होती.

आणि प्रत्यक्ष काळा सैनिक? त्याच दक्षिण कॅरोलिनात १९४६ च्या फेब्रुवारीत आयझॅक वुडर्ड हा जवान दुसऱ्या महायुद्धातून सेवामुक्त होऊन बसने घरी निघाला होता. अंगावर गणवेश होता. बसचालकाशी बोलाचाली झाली म्हणून त्याला उतरवले गेले आणि पोलीसप्रमुखाने मारून त्याचे दोन्ही डोळे घालवले. गोऱ्या पंचांनी त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडले. सैनिकांना मानवंदना देणारे दिवस तेव्हाही दरवर्षी पाळले जातच होते.

आता आपल्या घरी येऊ. आपलाही एक दिवस आहे, १ जानेवारी. १८१८ च्या त्या दिवशी कोरेगाव भीमा येथे कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील कंपनीच्या तुकडीने दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरले. १८२१ मध्ये कंपनीने तेथे स्तंभ उभारायला घेतला. त्यावर कोरलेल्या मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई. बाकीच्यांत मराठे, राजपूत, मुसलमान अशी इतरही नावे आहेत, हे आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आक्षेप नेहमीचा आहे. हे शिपाई परक्यांसाठी लढले, मग हा अभिमान कसला? स्तंभ कंपनीने स्वतःच्या फुशारकीसाठी उभारला, हे मला मान्य आहे. त्या शिपायांच्या मनात अस्पृश्यतेविरुद्धचे युद्ध होते असा दावा मी करणार नाही; पगार आणि भाकरी हे कारण पुरेसे असू शकते. पण दगडाचा अर्थ तो कोरणाऱ्यापाशी संपत नाही. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी 'लढाऊ जातीं'चे शास्त्र काढून महारांची भरती बंद केली. ज्यांची नावे आपल्याच विजयस्तंभावर कोरली, त्यांनाच लढायला अपात्र ठरवले! तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये अर्ज लिहिले. त्यांनी पूर्वजांची चाकरी पुरावा म्हणून पुढे केली आणि समान वागणुकीचा हक्क मागितला. सरकारला निकड भासली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ पर्यंत मोडलीही. पुढे बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

बाबासाहेब स्वतः सुभेदाराचे पुत्र, महूच्या छावणीत जन्मलेले. १ जानेवारी १९२७ रोजी ते कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. त्यानंतर तीन महिनेही लोटले नव्हते तोच, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. या दोन तारखा मी वेगळ्या वाचत नाही. महाड-दापोलीचा मुलूख पेन्शनर महार शिपायांचा. पलटणीत लिहायला-वाचायला शिकलेली, ताठ चालणारी आणि गावात आल्यावर पाणवठ्यावरून हाकलली गेलेली ही माणसे होती. स्तंभाकडून तळ्याकडे जाणारी वाट हाच १ जानेवारीचा खरा अर्थ आहे. चार्ल्सटनच्या मुक्त माणसांनी मेलेल्यांच्या सन्मानातून जिवंतांच्या माणुसकीचा दावा केला, तोच बाबासाहेबांनी येथे केला.

म्हणूनच हा दिवस डोळ्यांत सलतो. २०१८ मध्ये, द्विशताब्दीच्या दिवशी, तेथे दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा प्राण गेला आणि नंतर कोर्टकचेऱ्यांचे सत्र सुरू झाले. पण बाहेरच्या हल्ल्याइतकाच मला आतला धोका जाणवतो, आणि आपल्या पानांवर तो बोलला गेला पाहिजे. अलीकडे १ जानेवारीच्या फलकांवर तलवारी वाढल्या आहेत. आम्हीच खरे क्षत्रिय, आमचीच जात लढवय्यी, अशी भाषा पोरांच्या तोंडी येते. ज्या 'लढाऊ जातीं'च्या शास्त्राने आपल्याला बाहेर फेकले, तेच शास्त्र उलटे करून आपण डोक्यावर घ्यायचे काय? शौर्य रक्तात असते असे एकदा मान्य केले की विद्वत्ता रक्तात असते हेही मान्य करावे लागेल. मग मनूने काय वेगळे सांगितले? ज्या महापुरुषाने १९५६ मध्ये आपल्या हाती बुद्ध दिला, त्याच्या अनुयायांनी वर्णव्यवस्थेतल्या दुसऱ्या पायरीसाठी भांडावे, याहून मोठा पराभव नाही. आणखी एक गोष्ट. महार रेजिमेंटच्या ज्या अधिकाऱ्याला परमवीर चक्र मिळाले ते मेजर रामस्वामी परमेश्वरन १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडले. ते महार नव्हते. पलटणीत माणसे जातीच्या रक्ताने लढत नाहीत, हे त्या रेजिमेंटचाच इतिहास सांगतो.

राष्ट्रीय दिवसाची चिकित्सा करणे आपल्या साहित्याला नवे नाही. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'च्या अंकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात वादळ उठले. झेंड्याविषयीच्या शब्दांवर जेवढी चर्चा झाली, तेवढी ज्या दलित स्त्रियांच्या विटंबनेसाठी तो लेख लिहिला गेला तिच्यावर झाली नाही. मी विद्यार्थिदशेत तो लेख प्रथम वाचला तेव्हा घाबरलो होतो. आज वाटते, ढाल्यांनी विचारलेला प्रश्न आणि माझ्या आज्याने विचारलेला प्रश्न एकच होता. एकाने तो छापला. दुसऱ्याने तो चौथीतल्या नातवाकडे सोपवला.

मी सैनिकांच्या दिवसाविरुद्ध नाही. माझ्या घरातला सैनिक मी विसरू शकत नाही. पण सन्मानाच्या दिवशी सैनिकाच्या तोंडी प्रश्नही असू शकतो, हे मान्य नसेल तर तो समारंभ पाळणाऱ्यांचा आहे, सैनिकाचा नाही. १ जानेवारीला स्तंभापाशी जाल तेव्हा ती ४९ नावे सगळीच्या सगळी वाचा, आणि घरी आल्यावर वलंगकरांचे आणि कांबळ्यांचे अर्ज वाचा. आपापल्या गावातल्या निवृत्त शिपायांचे कागद पाहा. कोणाची जमीन अडली आहे, कोणाच्या विधवेचे पेन्शन थकले आहे, ते लिहून काढा. दप्तरात नोंद नाही, असे उत्तर पुन्हा कोणाला देता येऊ नये म्हणून हे काम आपणच केले पाहिजे.

माझा आजा गेल्याला आता बरीच वर्षे झाली. जमिनीचा कागद माझ्यापाशी आहे. येत्या सात डिसेंबरलाही डबा माझ्याकडे येईल आणि मी तो फिरवीन. पण आधी फळ्यावर १९४९ हे साल लिहीन, तो कागद मुलांसमोर धरीन आणि चौथीत मास्तरांना न विचारलेला प्रश्न त्यांना विचारीन. आता मास्तर मीच आहे.